भिंतीमागचं कापड

मिस्त्री : एकही नाही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस भोकं कोरडी ठणठणीत. सकाळी स्वतः फिरलो, प्रत्येकात बोट घालून पाहिलं. तीन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि माझ्या भिंतीतून टिपूससुद्धा नाही!

इंजिनियर : प्रत्येकात बोट घालून?

मिस्त्री : वरच्या दोन ओळींसाठी शिडी लावली, खालच्या ओळीसाठी वाकलो. कंबर अजून कुरकुरतेय. पण समाधान आहे, मॅडम. सहा मीटर उंच, चाळीस मीटर लांब भिंत, मागे काठोकाठ मातीचा भराव, भरावावर रस्ता. आणि थेंब नाही. तुझ्या सासूला फोन करून सांगितलंसुद्धा.

इंजिनियर : बाबा, तुम्ही आधी खाली बसा.

मिस्त्री : साइटवर बाबा म्हणायचं नाही, हे तूच पहिल्या दिवशी ठरवलंस. इथे मी ठेकेदाराचा मिस्त्री आणि तुम्ही तपासणीच्या इंजिनियर मॅडम. सून आणि सासरा घरी, जेवणाच्या टेबलावर.

इंजिनियर : बरं. मिस्त्री, खाली बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, स्टुलावर बसा. आता सांगा, भिंतीत भोकं ठेवतात ती कशासाठी?

मिस्त्री : माझी तोंडी परीक्षा घेतेस?

इंजिनियर : घेते.

मिस्त्री : घे बापडे. मागच्या मातीत चुकूनमाकून पाणी शिरलंच, तर त्याला वाट असावी म्हणून. झालो पास?

इंजिनियर : चुकूनमाकून नाही, पाणी शिरणारच. वरच्या सगळ्या उताराचं पाणी त्या भरावात उतरतं. ते मातीतून खडीत, खडीतून भोकात आणि भोकातून खालच्या गटारात यायला हवं. तीन दिवसांत ते आलं नाही. मग ते गेलं कुठे?

मिस्त्री : रस्त्यावरून वाहून गेलं असेल.

इंजिनियर : मी आत्ताच वर जाऊन आले. भरावात पहार खुपसली तर हाताच्या जोराने दोन फूट आत गेली. उपसली, आणि त्या खड्ड्यात पाणी चढत आलं. भिंतीमागे अक्षरशः टाकी झालीय.

मिस्त्री : टाकी म्हणू नकोस. टाक्या मी बांधल्यात. निम्मं आयुष्य टाक्या आणि तळघरं करण्यात गेलं माझं. टाकी अशी होत नाही, करावी लागते.

इंजिनियर : तेच मला विचारायचंय. केलीत का?

मिस्त्री : टोमणे नकोत. सरळ विचार.

इंजिनियर : सरळ विचारते. भिंतीला लागून खडी, खडीमागे जिओटेक्स्टाइलचं कापड आणि कापडामागे माती, असं नकाशात होतं. ते कापड लावलंत?

मिस्त्री : हे विचारणं झालं? लावलंत का! अगं, त्या कापडाला मी जपलं तसं लोक लग्नाचा शालू जपत नाहीत. नऊ रोल आले. ट्रकवरून ढकलू दिले नाहीत, दोघादोघांच्या खांद्यावर उतरवून घेतले. काळं वेष्टन फाटू दिलं नाही. शेडमध्ये फळ्यांवर ठेवले, जमिनीपासून वीतभर वर. ऊन लागलं की या कापडाचा जीव जातो असं तू म्हणाली होतीस, म्हणून शेडच्या खिडकीला पोतं ठोकलं. पलीकडच्या कामावर जाऊन बघ, तिथे रोल उघड्यावर पडलेत आणि त्यांवर बसून माणसं जेवतात.

इंजिनियर : ते मी पाहिलं होतं. वहीत कौतुकही लिहिलं होतं.

मिस्त्री : लावतानाही तसंच. एक रोल संपून दुसरा सुरू होतो तिथे नकाशात एक फुटाचा चढ होता, मी सव्वा दिला. कौलांसारखा वरचा खालच्यावर. दगडाचं टोक कापडाला लागेल म्हणून खडी घमेल्यांनी हळू ओतली, हातांनी रचली. एक मीटर उंचीचा पहिला थर तूच तपासलास की.

इंजिनियर : सकाळी तपासला. एक बोट ठेवायला जागा नव्हती. आणि त्याच दिवशी मला तीन आठवड्यांसाठी पुलाच्या कामावर धाडलं. मी गेल्यावर काय झालं?

मिस्त्री : तू गेल्यावर कापडातला दोष निघाला.

इंजिनियर : कसला दोष?

मिस्त्री : गळत होतं.

इंजिनियर : काय म्हणालात?

मिस्त्री : कापड गळत होतं! संध्याकाळी हत्यारं धुतली आणि बादली त्या कापडावर उपडी केली, तर पाणी क्षणात गायब. आत खडीवर पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, तेवढीच जागा विरविरीत असेल. दहा पावलांवर दुसरी बादली ओतली, तेच. नवा रोल उघडून त्यावर ओतली, तेच. सगळा माल सारखाच. गाळणीतून चहा गाळावा तसं सरळ आरपार! कारखान्याने फसवलं होतं आपल्याला.

इंजिनियर : अरे देवा.

मिस्त्री : मीही तेच म्हणालो.

इंजिनियर : मग तुम्ही काय केलंत? थांबा, मला हळूहळू सांगा. काहीही वगळू नका.

मिस्त्री : वगळायचं कशाला? चोरी केली नाही. ठेकेदाराला सांगितलं, कापड गळकं आलंय. तो म्हणाला, काका, माल परत पाठवायला वेळ नाही, उद्घाटनाची तारीख ठरलीय, तुमच्या पद्धतीने काय ते करून घ्या. मग मी माझ्या पद्धतीने करून घेतलं. सिमेंट, त्यात वॉटरप्रूफिंगची पूड, पातळ खळीसारखं कालवून मातीच्या बाजूने कापडावर ब्रशने मारलं. टाकीला मारतो तसंच. पहिला हात आडवा, दुसरा उभा.

इंजिनियर : दोन हात.

मिस्त्री : तीन. तिसरा पुन्हा आडवा. सांध्यांवर डांबर. माणसांची सुट्टी झाल्यावर थांबून करायचो, म्हणजे दिवसाचं काम अडायला नको. वाळला की त्यावर पाणी मारून तपासायचो आणि मगच माती. सहाही थर, चाळीसही मीटर. तीन आठवडे घरी उशिरा येत होतो ते काय पत्ते खेळत होतो?

इंजिनियर : सहाही थर. आणि परत आल्यावर मी उरलेल्या पाच थरांच्या पत्रकांवर एका दिवसात सह्या केल्या. तेव्हा माती भरून झाली होती. दिसत होती फक्त वर दुमडलेली कडा.

मिस्त्री : कडा पांढरीशुभ्रच ठेवली होती मी. दुमडायची म्हणून तिला सिमेंट लावलं नाही.

इंजिनियर : मिस्त्री, ते कापड गळायलाच हवं होतं.

मिस्त्री : काहीतरीच काय.

इंजिनियर : गळणं हेच त्याचं काम आहे. पाणी सोडायचं आणि माती अडवायची.

मिस्त्री : मग खडी कशाला आहे? भोकं कशाला आहेत? मी मूर्ख नाही. मी विचार केला होता. खडी आणि भोकं तर आम्ही पूर्वीपासून ठेवत आलो. पाणी सोडायला तेवढी पुरतात. वर हे कापड मागवलंय, ट्रकभर, परगावाहून. म्हणजे नवीन काहीतरी करायला मागवलं असणार. पाणी सोडायची सोय आधीच आहे, तर नवीन काय उरलं? पाणी अडवणं!

इंजिनियर : माती अडवणं.

मिस्त्री : मातीला काय अडवायचंय? माती काय वाहत जाते?

इंजिनियर : त्या जुन्या भिंतींची भोकं काही वर्षांनी काय व्हायची?

मिस्त्री : काय व्हायचं? बुजायची.

इंजिनियर : कशाने?

मिस्त्री : गाळाने. पाण्याबरोबर बारीक माती खडीत यायची आणि... दवाखान्यामागच्या भिंतीची भोकं मी दरवर्षी सळई घालून मोकळी करायचो. सातव्या वर्षी सळईही जाईना. नवव्या वर्षी भिंतीला पोट आलं.

इंजिनियर : ती बारीक माती खडीत येऊ नये म्हणून हे कापड. तुम्ही मारलेल्या तीन हातांनी माती अडली, तसं पाणीही अडलं. ते भिंतीला ढकलतंय. भिंत मातीच्या रेट्याच्या हिशेबाने बांधलीय, पाण्याच्या नाही.

मिस्त्री : तुझा हिशेब कागदावरचा. माझी भिंत हलणार नाही.

इंजिनियर : ओळंबा आणा.

मिस्त्री : माझ्या भिंतीला ओळंबा? ठेकेदाराच्या त्या दुर्बिणीवाल्याने गेल्याच महिन्यात मोजून दिलीय. वरपासून खालपर्यंत अर्ध्या सुताचा फरक नाही. अर्धं सूत म्हणजे नखाइतकं!

इंजिनियर : मी लावला तर म्हणाल, बाईमाणसाचा हात हलला असेल. तुम्हीच लावा. बरोबर मध्यावर.

(मिस्त्री शिडी लावतो. वरच्या कडेवरून ओळंब्याचा दोर खाली सोडतो आणि शिसाचा लंबक स्थिर होईपर्यंत थांबतो. मग उतरून पट्टी लावतो, पुन्हा वर जातो, दोर तपासतो आणि दुसऱ्यांदा पट्टी लावतो.)

इंजिनियर : किती?

मिस्त्री : वारा आहे.

इंजिनियर : वारा पडलाय. किती?

मिस्त्री : सात सूत.

इंजिनियर : म्हणजे बावीस मिलिमीटर. बाहेर?

मिस्त्री : बाहेर. वरचं डोकं बसथांब्याच्या बाजूला झुकलंय. सात सूत! एवढा फरक मी शिकाऊ असतानाही ठेवला नाही.

इंजिनियर : तो तुम्ही ठेवलेला नाही, भिंतीने घेतलाय. उद्या संध्याकाळपासून पुन्हा पाऊस आहे. खालच्या थांब्यावर भिंतीला पाठ लावून माणसं उभी राहतात. आज पाण्याला वाट मिळायला हवी आणि उद्यापासून भराव उपसायला हवा. ठेकेदाराला बोलवा.

मिस्त्री : भराव उपसायचा? सगळा?

इंजिनियर : सगळा.

मिस्त्री : हे माझं शेवटचं काम आहे, माहितेय ना? दोन महिन्यांनी हत्यारं पुसून ठेवायचीत. आणि तू म्हणतेस, भिंत उघडी कर.

इंजिनियर : म्हणते.

मिस्त्री : मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

इंजिनियर : नकाशात होतं. शेजारी टीपही होती.

मिस्त्री : टीप! मुंगीएवढी अक्षरं, त्यातली निम्मी आकडे आणि निम्मी इंग्रजी. आठ महिने तू रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवलीस. भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारलंस, गोळ्या घेतल्या का ते विचारलंस. कापडाला ऊन लावू नका म्हणालीस, चिखलात ठेवू नका म्हणालीस. मी ऐकलं. पण ते कापड करतं काय, हे सांगायला तुझं तोंड दुखत होतं?

इंजिनियर : आणि तुमचं विचारायला? बादलीला विचारलंत, ठेकेदाराला विचारलंत. मी एका फोनवर होते. पुलावरून रोज फोन करायचे घरी. "कापड गळतंय" हे दोन शब्द मला नाही सांगता आले?

मिस्त्री : तुला कसं विचारणार? सुनेला विचारायचं, बाई गं, माझं काम कसं करू ते सांग?

इंजिनियर : हो! असंच विचारायचं!

मिस्त्री : तुझं लग्न ठरलं तेव्हा मी चारचौघांत सांगत होतो, आमच्या घरात इंजिनियर येतेय, पण भिंत कशी बांधायची ते ती माझ्याकडून शिकेल.

इंजिनियर : शिकलेच. म्हणून तर न बघता सह्या केल्या. वर ऑफिसला लेखी कळवलं होतं मी, मिस्त्री माझे सासरे आहेत, तपासणी दुसऱ्याला द्या. साहेब म्हणाले, उलट बरं, त्या माणसाच्या कामाला तपासणीच लागत नाही. मलाही ते पटलं. मूर्खासारखं.

ठेकेदार : (येत येत) काय झालं काका, पट्टी धरून काय उभे? मॅडम, नमस्कार. पाहिलंत ना, भिंत कशी कोरडी? पाहुण्यांना दाखवायलाच ठेवू म्हणतो.

इंजिनियर : भिंत सात सूत झुकलीय. खालचा बसथांबा आत्ता, याच क्षणी बंद करायचा. वरचा रस्ताही. दोरी नको, आडवे लोखंडी पाइप लावा आणि दोन्ही टोकांना माणूस उभा करा.

ठेकेदार : अहो, एक मिनिट. सात सूत म्हणजे काय आभाळ कोसळलं का? नवी भिंत थोडी बसतेच.

मिस्त्री : बसते ती खाली. ही बाहेर आलीय.

ठेकेदार : काका, तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय?

मिस्त्री : ओळंब्याच्या. फोन लाव आधी, थांबा बंद करायला सांग. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?

ठेकेदार : लावतो, लावतो. ...हॅलो, हां, खालचा थांबा बंद करा. आणि वरचा रस्ताही. का म्हणजे काय? मी सांगतो म्हणून. बसवाल्यांना कोपऱ्यावर थांबायला सांगा... झालं. आता बोला मॅडम. दुरुस्ती काय ती सांगा, आतल्या आत करून टाकू.

इंजिनियर : आतल्या आत होणार नाही. कापडावर सिमेंटचे तीन हात मारलेत. खालच्या ओळीच्या सोळा भोकांतून लांब सळई घालून आज तो थर फोडायचा, म्हणजे पाण्याचा जोर उतरेल. पण त्या छिद्रांतून पाण्याबरोबर मातीही येणार. तसंच ठेवलं तर भिंतीमागे पोकळी होऊन वरचा रस्ता खचेल. म्हणून उद्यापासून भराव वरून उपसायचा, जुनं कापड काढायचं, खडी धुवायची आणि नवं कापड लावायचं.

ठेकेदार : उद्घाटनाला अठरा दिवस उरलेत!

इंजिनियर : पुढे ढकला.

ठेकेदार : ढकला! मांडवाची ऑर्डर तुम्ही दिलीय की मी? बरं, ऐका. उपसू. पण अहवालात कारण लिहावं लागेल ना? कापड निकृष्ट निघालं, असं लिहा. काकांनी स्वतः मला सांगितलं होतं, कापड गळकं आहे. काय काका, सांगितलं होतंत ना?

मिस्त्री : सांगितलं होतं.

ठेकेदार : बघा! यात खोटं काही नाही. काकांना प्रामाणिकपणे तसं वाटलं. कारखान्याला एक पत्र जाईल, ते उलट एक पत्र पाठवतील, वर्षभर पत्रं चालतील. काकांचं नाव नाही, माझं नाही आणि मॅडम, तुमचंही नाही. कारण तसं बघितलं तर पाचही पत्रकांवर सही तुमची आहे.

इंजिनियर : आठवण करून द्यायची गरज नाही.

ठेकेदार : मी धमकी देत नाहीये, मॅडम.

मिस्त्री : मग काय ओवाळतोयस का?

ठेकेदार : काका, मी तुमच्या घरातल्याच भल्याचं बोलतोय. उद्या यांची नोकरी गेली तर? बरं, तेही नको असेल तर दुसरं सांगतो. काकांनी परस्पर केलं, असं लिहा. ते दोन महिन्यांत निवृत्त होतायत, त्यांना काय फरक पडतो?

इंजिनियर : परस्पर नाही. "तुमच्या पद्धतीने करून घ्या" असं सांगणारे तुम्ही होतात. मला कळवायचं काम तुमचं होतं. कापड गळतंय हे ऐकून तुम्हाला नकाशा उघडावासा वाटला नाही?

ठेकेदार : मला वाटलं, काका बघतील.

इंजिनियर : मलाही तेच वाटलं. आपण दोघेही त्यांच्या नावावर झोपलो.

मिस्त्री : झोपण्याचं पुढे बघा. सळया कुठे आहेत? सोळा मिलिमीटरच्या हव्यात, दोन मीटर लांब, टोकाला धार करून. आणि मोठा हातोडा. थर मी मारलाय, मीच फोडणार. तो किती जाड आहे आणि कुठे डांबर आहे, ते या साइटवर माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

इंजिनियर : टोकाकडून सुरुवात करा, मध्यावरून नाही. एका वेळी एकच भोक. समोर उभं राहायचं नाही, बाजूने घाव घाला.

मिस्त्री : कळतं मला.

इंजिनियर : कळत असलं तरी सांगणार. आता न सांगता काही ठेवायचं नाही, असं ठरवलंय.

मिस्त्री : सांग मग. सळई खडीत अडली तर?

इंजिनियर : काढून थोडी फिरवून घाला. खडी सुटी आहे, वाट मिळेल. ठक्क असा आवाज आला की समजा सिमेंटला लागली.

मिस्त्री : धर ती सळई. ...अजून आत. हां. हा आवाज ऐक. हेच ते. काय घट्ट बसलंय बघ! दोन घाव झाले तरी दाद देत नाही.

ठेकेदार : काका, तुम्ही कौतुक करताय?

मिस्त्री : कौतुक नाही रे, राग येतोय. इतकं चांगलं काम, इतक्या चुकीच्या जागी. बाजूला हो!

इंजिनियर : बाबा, मागे व्हा! मागे!

मिस्त्री : आलं.

ठेकेदार : बाप रे. हे एवढं पाणी एका भोकातून?

मिस्त्री : मनगटाएवढी धार आहे. लाल माती घेऊन येतेय. बघ, गटारापर्यंत उडतेय.

इंजिनियर : धार कमी झाली की दुसरं. सोळाही आज पूर्ण होतील. प्रत्येक तासाला ओळंबा बघायचा आणि आकडा लिहायचा. ठेकेदारसाहेब, तो आकडा तुम्ही लिहा. वेळेसकट.

ठेकेदार : लिहितो. पण मॅडम, अहवालाचं काय ठरलं?

इंजिनियर : आत्ता लिहिते. इथेच. मिस्त्री, हात पुसून या. तुमचा जबाब तुमच्या शब्दांत हवा.

मिस्त्री : लिही. मी, या कामावरचा मुख्य मिस्त्री. पहिला थर झाल्यावर कापडावर पाणी ओतून पाहिलं. पाणी आरपार गेलं, म्हणून कापडाला सिमेंटचे तीन हात मारले आणि सांध्यांना डांबर. सहाही थरांना. असं करण्याआधी इंजिनियरना विचारलं नाही.

ठेकेदार : आणि मला सांगितलं होतं, ते?

मिस्त्री : तेही येणार. ठेकेदाराला सांगितलं, त्याने करून घ्या म्हटलं. वाईट वाटून घेऊ नकोस, जसं झालं तसं सांगतोय.

ठेकेदार : ठीक आहे. लिहा. ती धार मीही बघितलीय.

इंजिनियर : पुढे मी माझं लिहिते. कापडाचा उपयोग मिस्त्रींना समजावून सांगितला नव्हता. थर दोन ते सहा प्रत्यक्ष न पाहता पत्रकांवर सह्या केल्या.

मिस्त्री : ते लिहू नकोस.

इंजिनियर : का?

मिस्त्री : माझ्याच अंगावर येऊ दे सगळं. मला काय, मी घरी बसणार. तुझी अजून पंचवीस वर्षं नोकरी आहे. नातीची शाळा आहे. आणि मुलाला मी काय तोंड दाखवू? तुझ्या बायकोची नोकरी तुझ्या बापाच्या ब्रशने घालवली म्हणून?

इंजिनियर : आणि मी? रोज तुमच्यासमोर बसून जेवायचंय मला. घास कसा उतरेल?

मिस्त्री : हट्टी आहेस.

इंजिनियर : ते तुमच्याकडूनच शिकले. लिहिलं मी. खोडणार नाही. ऑफिस काय करायचं ते करेल. निलंबन झालं तर चार दिवस घरी बसेन. वाचून दाखवते, मग खाली सही करा.

मिस्त्री : वाचू नकोस, अजून संपलेलं नाही. एक ओळ राहिलीय.

इंजिनियर : कुठली?

मिस्त्री : त्या कारखानदाराला मी महिनाभर शिव्या घातल्या. चोर म्हणालो, साइटवरच्या प्रत्येक माणसासमोर. तो बिचारा कुठला कोण, त्याला ठाऊकही नाही.

इंजिनियर : मग काय लिहू?

मिस्त्री : लिही, कापड चांगलं होतं.